बाळहिरड्याची किंमत कोण ठरवणार?

मागच्या आठवड्यात शेजारच्या वहिनींबरोबर बाजारात गेले होते. आपल्या शहराचं आणि जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून ‘नगर’च बसलंय, तेव्हा नगरच्या बाजारात म्हणते. वहिनींना दोन कामं होती. मुलगा जिमला जातो, त्यानं यादीत ‘चिलगोजे’ लिहून दिले होते. सुकामेव्याच्या दुकानात भाव विचारला. किलोला काही हजार! वहिनींनी मुकाट्यानं शंभर ग्रॅमची पुडी बांधून घेतली. पुडीवर चकचकीत कागद, त्यावर हिमालयाचं चित्र आणि कोणत्या पिशवीत किती प्रथिनं याचा तक्ता.

दुसरं काम काष्ठौषधीच्या दुकानात होतं. सून बाळंतीण झालीय, म्हणून बाळगुटीचं सामान हवं होतं. मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ, बेहडा आणि बाळहिरडा. दुकानदारानं पोत्यात हात घातला, मूठभर काळे, सुरकुतलेले हिरडे वर्तमानपत्राच्या कागदात बांधले आणि वहिनींच्या हातावर ठेवले. त्यावर ना चित्र, ना तक्ता. वहिनींनी पैसे देताना विचारलंसुद्धा नाही, की हा येतो कुठून!

मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर मीही कधी विचारलं नव्हतं. चिलगोजा हिमाचलच्या किन्नौरमधून येतो हे मला ठाऊक होतं, कारण पाकिटावर छापलं होतं. आणि हिरडा आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या डोंगरांतून येतो, हे मात्र माहीत असूनही कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

सध्या जगभर एक लाट आहे. आपापल्या मातीतल्या जुन्या झाडांच्या बिया, फळं, कंद शोधायचे आणि त्यातून नवे खाण्याचे आणि आरोग्याचे पदार्थ बाजारात आणायचे. कोरियात पाइनच्या बियांची खीर पूर्वीपासून आजाऱ्याला देतात. आता त्याच बियांचं तेल कॅप्सूलमध्ये भरून विकलं जातं. आपल्याकडेही ‘सुपरफूड’ हा शब्द किराणा दुकानापर्यंत पोहोचलाय. नाचणीची बिस्किटं आली, मोहाचे लाडू आले. हे चांगलंच आहे. पण या लाटेत झाडाखाली वाकून ते फळ वेचणाऱ्या बाईच्या हाती नेमकं काय पडतं, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. आज हिरड्याच्या निमित्तानं तोच विचारायचाय.

डोंगरातला हंगाम

आपला जिल्हा म्हटलं की दुष्काळ, छावण्या, टँकर आठवतात. पाथर्डी, जामखेडकडच्या बाईला पाण्यासाठी वणवण करावी लागते. पण याच जिल्ह्याच्या पश्चिमेला अकोले तालुका आहे. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भंडारदरा, रतनवाडी. घाटघरला तर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. या पट्ट्यात प्रामुख्यानं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. भात, नाचणी, वरई ही पिकं पावसाच्या भरवशावर. पाऊस संपला की हाताला काम नाही, मग नारायणगाव-संगमनेरकडे मजुरीला जायचं. शेजारच्या जुन्नर, आंबेगावच्या डोंगराळ भागातही हेच चित्र.

या वर्षाच्या मधल्या कोरड्या काळात हिरडा आधार देतो. एप्रिल-मे महिन्यात झाडाला कोवळी फळं लागतात. आतली आठळी धरायच्या आधी ती उतरवायची आणि उन्हात वाळवायची. वाळली की काळी पडतात, तोच बाळहिरडा. झाडावर बहुतेक पुरुष चढतात. खाली पडलेलं वेचणं, निवडणं, अंगणात पसरणं, वळवाचा ढग दिसला की धावत जाऊन गोळा करणं, हे सगळं बायका आणि पोरीबाळी करतात. फळ झाडावर तसंच ठेवलं तर ते वाढतं. अर्धवट वाढलेला तो चांभारी हिरडा, चामडं कमवायला वापरायचा. पूर्ण पिकून थंडीच्या दिवसांत मिळणारा, मोठा, पिवळट तो सुरवारी हिरडा. एकाच झाडाची तीन वयं आणि तीन बाजार!

पावसाळ्याच्या तोंडावर हाती येणारा हा पैसा फार मोलाचा असतो. त्यातून बियाणं येतं, घरावरचं छप्पर शाकारलं जातं, पोरांची वह्या-पुस्तकं होतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या आदिवासींचा हिरडा गेला. भाताचं नुकसान झालं तर पंचनामा कसा करायचा हे सरकारला ठाऊक असतं. हिरड्याचा पंचनामा कुठल्या रकान्यात बसवायचा? भरपाईसाठी लोकांना पुढची काही वर्षं आंदोलनं करावी लागली. कागदावर जे पीकच नाही, त्याचं नुकसानही कागदावर दिसत नाही, हेच खरं.

भाव ठरतो कुठे?

हिरडा विकायचा कुणाला? एक तर गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला किंवा राजूरसारख्या बाजाराच्या गावी नेऊन. आदिवासींची लूट थांबावी म्हणून महाराष्ट्र सरकारनं १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन केलं. १९७६ मध्ये कायदा करून एकाधिकार खरेदीची पद्धत आणली. पुढे केंद्रानं २०१३-१४ मध्ये गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना सुरू केली, तिच्या यादीत हिरडा पहिल्यापासून आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलातलं गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क तिथल्या लोकांना दिला. २०१८ मध्ये वनधन केंद्रांची योजना आली, बचत गटांनी एकत्र येऊन वनोपजावर प्रक्रिया करावी म्हणून.

कायद्यांची यादी वाचली की वाटतं, आता काय कमी आहे? पण खरेदी वेळेवर सुरू झाली नाही, केंद्र लांब असलं, पैसे उशिरा मिळणार असले, तर दारात रोख पैसे घेऊन उभा राहणारा व्यापारीच जवळचा वाटतो. कित्येकदा त्याच्याकडून आधीच उचल घेतलेली असते. मग भाव कोण ठरवणार हे वेगळं सांगायला नको.

आणि आधारभूत किंमत मिळाली, तरी ती कच्च्या मालाचीच असते. हिरडा गाव सोडून जातो तो पोत्यातून, आणि परत येतो तो डबीतून. चूर्ण होऊन, गोळी होऊन, त्रिफळा होऊन. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा. तिन्ही फळं आपल्या सह्याद्रीत होतात. परदेशातल्या दुकानांत तेच ‘त्रिफळा’ पचनाच्या कॅप्सूल म्हणून मिळतं. हिरड्यात टॅनिन भरपूर. गॅलिक आम्ल आणि चेब्युलॅजिक आम्लासारखी द्रव्यं आहेत, त्यांच्यावर प्रयोगशाळांत बराच अभ्यास चाललाय. याच टॅनिनमुळे चामडं कमावता येतं आणि सुती कापडावर रंग पक्का बसतो. कलमकारीचं कापड रंगवण्याआधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात ते त्यासाठीच. म्हणजे एका फळाला औषध, खाणं, चामडं, कापड असे चार बाजार आणि वेचणारीच्या हाती मात्र एकच, पोत्याचा.

खाऊ की औषध?

मग गावातल्या बायकांनीच का करू नयेत नवे पदार्थ? मलाही असंच वाटलं होतं. बचत गटांच्या एका प्रदर्शनात डोंगराकडच्या एका ताईंचा स्टॉल होता. नाचणीचे लाडू, वरईचं पीठ, हातसडीचा तांदूळ आणि कोपऱ्यात हिरड्याची सुपारी. मी चव घेतली. आधी तुरट, मग जरा वेळानं पाणी प्यायल्यावर तोंड गोड झालं. छानच होती! मी म्हटलं, “ताई, ही दुकानात का ठेवत नाही?”

त्या हसल्या. “ठेवली होती की, ताई. दुकानदारानं विचारलं, नंबर कुठंय? आम्ही कागदावर लिहिलं होतं, पोट साफ होतं, शुगर कमी होते. तर म्हणला, हे लिहिलं तर माझ्यावर केस होईल. सगळा माल परत आणला.”

दुकानदार चुकीचं बोलला नव्हता. खाण्याचा कोणताही पदार्थ विकायचा तर २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो आणि तो चौदा आकडी नंबर पाकिटावर छापावा लागतो. तेवढं बचत गटाला जमण्यासारखं आहे. खरी मेख पुढे आहे. “शुगर कमी होते” असं लिहिलं की तो पदार्थ खाऊ राहत नाही, औषध होतो. औषधाला वेगळा कायदा, १९४० चा, वेगळा परवाना, वेगळी जागा, शिकलेला तज्ज्ञ माणूस. शिवाय मधुमेहासारखे आजार बरे करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. गावातल्या ताईंना हे कोण सांगणार? त्यांनी आजीकडून ऐकलेलं भाबडेपणानं लिहिलं होतं. पण मोठ्या कंपन्यांकडे वकील असतात. ‘पचनास साहाय्यक’, ‘परंपरेनुसार’ असे शब्द वापरून ते कायद्याच्या कडेकडेनं बरोबर जातात.

२०२२ मध्ये ‘आयुर्वेद आहार’ नावाचे नियम आले. आयुर्वेदाच्या ग्रंथांत सांगितलेले पदार्थ खाण्याचे म्हणून विकायला त्यानं वाट मोकळी झाली. पण त्यातही लेबल, चाचण्या, आणि दोन वर्षांखालच्या बाळांसाठी असा आहार विकायचा नाही, अशी अट आहे. ही अट मला योग्यच वाटते. वहिनींनाही मी हेच सांगितलं. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. गुटीचं काय करायचं ते बालरोगतज्ज्ञांना विचारून. सहाणेवर उगाळताना हात, पाणी, सहाण किती स्वच्छ आहे हे कोण बघतं? आणि गरोदरपणात हिरडा घेऊ नये, हे आयुर्वेदच सांगतो. जे जुनं ते सगळं सगळ्यांना चालतं, असं नाही.

म्हणून मला वाटतं, गावातल्या गटांनी औषधाच्या मागे न लागता आधी खाऊच्या वाटेनं जावं. आवळ्याचं उदाहरण बघा ना. आवळाही त्रिफळातलाच. पण मोरावळा, आवळा सुपारी, आवळा कँडी, सरबत या रूपात तो घराघरांत गेला. कुणी तो आजारी आहे म्हणून खात नाही, आवडतो म्हणून खातं. उत्तरेत हिरड्याचा मुरंबा मिळतो. आपल्याकडे सुपारी, मुखवास, मिठातला हिरडा करता येईल.

बोटांवरचा हिशेब करून बघू. समजा, एका बाईकडे वाळलेला ५० किलो सुरवारी हिरडा आहे. आंदोलन करून भाव किलोला ५ रुपयांनी वाढवून घेतला, तर तिला २५० रुपये जास्त मिळतील. त्याऐवजी त्यातल्या फक्त १० किलोंची सुपारी केली, आठळ्या जाऊन निम्मा गर उरला असं धरलं, तर ५० ग्रॅमच्या १०० पुड्या होतात. सगळा खर्च जाऊन पुडीमागे १० रुपये उरले, तरी १,००० रुपये झाले. उरलेला ४० किलो हिरडा विकायला आहेच. हिशेब सोपा दिसतो. पण त्यात ‘सगळा खर्च जाऊन’ हे तीन शब्द फार अवघड आहेत. पाकिटं, यंत्र, वाहतूक, दुकानदाराची उधारी, न खपलेला माल, आणि त्यात कुणीच न धरलेली बाईची मजुरी.

विश्वास वाळवणात असतो

दुसरी गोष्ट स्वच्छतेची. आपण घरी पापड, कुरडया, सांडगे घालतो तेव्हा काय करतो? खाली स्वच्छ धोतर, वर पातळ ओढणी, कावळा येऊ नये म्हणून पोराला पहाऱ्याला बसवतो. हिरडा मात्र बऱ्याचदा मातीच्या अंगणात नाही तर रस्त्याच्या कडेला वाळतो. दमट राहिला की बुरशी धरते. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही आणि ते उकळूनही जाईलच असं नाही.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये. भगरीचं काय झालं ते आठवा. नवरात्रात, एकादशीला भगरीच्या भाकरी खाऊन माणसं दवाखान्यात भरती झाल्याच्या बातम्या मराठवाड्यातून वारंवार आल्या. त्यानंतर अन्न व औषध प्रशासनानं सुटं, उघडं पीठ घेऊ नका, भगर घरी स्वच्छ करून दळा, असं सांगितलं. आता ज्या वरईपासून भगर होते, ती डोंगरातल्या बाईनं किती निगुतीनं पिकवली असली, तरी मधे कुठेतरी ओलाव्यात साठवणूक झाली की नाव वरईचंच खराब होतं. एका खराब पोत्यानं शंभर बायकांचा धंदा बसू शकतो.

म्हणून एखाद्या गावाला उद्योग द्यायचा असेल, तर आधी सिमेंटचा ओटा द्या, सौर वाळवणी यंत्र द्या, ओलावा मोजायचं छोटं यंत्र द्या. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, १९६८ पासून. ‘फुले नाचणी’, ‘फुले एकादशी’ ही नाचणी-वरईची वाणं याच विद्यापीठाची. तिथल्या शास्त्रज्ञांनी हिरड्याची सुपारी किती दिवस टिकते, कशात भरली तर टिकते, एवढं तपासून अकोल्यातल्या गटांना लेखी दिलं, तरी केवढं काम होईल! प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून २०२० पासून यंत्रांना ३५ टक्के अनुदान मिळत आलंय, बचत गटाच्या प्रत्येक सभासदामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद त्यात होती. योजना कागदावर असतात. त्या डोंगर चढून वर जायला कुणीतरी हात धरावा लागतो.

ज्ञान कुणाचं?

आता जरा नाजूक मुद्दा. समजा उद्या एखाद्या कंपनीनं हिरड्यापासून झकास उत्पादन काढलं आणि कोट्यवधी कमावले. त्यात डोंगरातल्या लोकांचा वाटा असावा का?

हळदीची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. जखमेवर हळद लावायच्या आपल्या आज्यांच्या ज्ञानावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक संस्थेनं ते आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपण सगळ्यांनी तेव्हा अभिमानानं पाठ थोपटून घेतली. पण परदेशी कंपनीनं घेतलं की चोरी आणि देशी कंपनीनं घेतलं की व्यापार, असं कसं चालेल?

केरळात एक वेगळा प्रयोग झाला. तिथल्या काणी आदिवासींनी एका रानवनस्पतीचा थकवा घालवणारा गुण शास्त्रज्ञांना दाखवला. त्यावरून तिरुवनंतपुरमच्या संस्थेनं ‘जीवनी’ नावाचं औषध तयार केलं, आणि परवान्याच्या शुल्कातला, स्वामित्वधनातला निम्मा वाटा काणी लोकांच्या विश्वस्त निधीला देण्याचं ठरवलं. प्रयोगात पुढे अडचणी आल्याच, पण तत्त्व मान्य झालं.

आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा हेच सांगतो, की जैविक संपत्ती आणि तिच्याविषयीचं ज्ञान वापरून कुणी व्यापार केला, तर लाभाचा वाटा राखणाऱ्यांपर्यंत पोहोचावा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि नोंदवही हवी. देशी कंपन्या म्हणत होत्या, हे आम्हाला लागू नाही. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं दिव्य फार्मसीच्या प्रकरणात निकाल दिला, की लागू आहे, वाटा द्यावा लागेल. गावांना बळ आलं. पण २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२४ पासून अमलात आहे. ग्रंथांत लिहिलेल्या पारंपरिक ज्ञानाच्या वापराला त्यात मोठी सूट मिळाली.

आता गंमत बघा. हिरडा तर आयुर्वेदाच्या प्रत्येक ग्रंथात आहे! म्हणजे ज्ञान ग्रंथातलं, म्हणून वाटा नाही. पण ग्रंथात हिरडा लिहिलाय म्हणून तो झाडावरून आपोआप पोत्यात येत नाही. कोणत्या उतारावरचं झाड चांगलं धरतं, कोवळं फळ कोणत्या आठवड्यात उतरवायचं, कितपत वाळलं की साठवायचं, हे कुठल्या ग्रंथात आहे? ते बाईच्या हातात आहे. आणि हातातलं ज्ञान आपला कायदा अजून मोजत नाही. घरकामाचं जे झालं तेच इथंही.

झाडाला विचारलं का?

चिलगोज्याकडे परत येते. किन्नौरमध्ये चिलगोज्याला इतका भाव आला, की लोकांनी शंकू पडायची वाट न बघता ते फांद्यांसकट तोडायला सुरुवात केली. जवळजवळ सगळी बी बाजारात गेली, जमिनीत पडायला उरलीच नाही. आज तिथं जुनी झाडं आहेत, पण नवी रोपं फारच कमी दिसतात, ही वनशास्त्रज्ञांची काळजी आहे.

बाळहिरड्यात हाच धोका दडलाय. बाळहिरडा म्हणजे बी धरायच्या आधी तोडलेलं फळ. मागणी वाढली आणि झाडावरची सगळी फळं कोवळी असतानाच उतरवली, तर पुढचं झाड कुठून येणार? त्यातून हिरड्याची आठळी दगडासारखी, ती रुजायला आधीच कठीण. मग ‘हिरड्याला मागणी वाढवा’ एवढंच म्हणून भागणार नाही.

इथं मला सुरवारी हिरड्याची बाजू जास्त पटते. पिकलेल्या फळाचा गर काढून गावातच सुपारी केली, तर आठळ्याही गावातच राहतात. त्यातल्या ताज्या, चांगल्या निवडून रोपवाटिका करता येते. पोत्यातून आख्खं फळ बाहेर गेलं की बीही गेलं. प्रत्येक पाड्यावर काही झाडं बाळहिरड्यासाठी उतरवायचीच नाहीत असं ग्रामसभेनं ठरवलं, फांदी तोडणाऱ्याला दंड ठेवला, तर झाड टिकेल आणि धंदाही.

हे होईल का? अकोल्यातच याचं उत्तर आहे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे. शाळा न शिकलेली बाई. गावरान भाज्यांची, कडधान्यांची, भाताची बियाणी त्यांनी मडक्यांत, राख लावून जपली. नातवंडांची दुखणी बघून त्यांना वाटलं, की आपल्या ताटातलंच काहीतरी बदललंय. मग ‘बायफ’ संस्थेच्या साथीनं त्यांनी घरचीच बीजबँक केली, आजूबाजूच्या बायकांना गोळा केलं, कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली. माशेलकरांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटलं. २०१८ साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांत त्यांचं नाव आलं, २०२० ची पद्मश्री मिळाली.

आपण राहीबाईंचं कौतुक करतो ते साधेपणाचं, नऊवारीचं. पण त्यांनी केलं काय ते नीट बघायला हवं. त्यांनी बी बायकांच्या हातात ठेवलं. कुणाकडून काय आलं याची आठवण ठेवली. एकटीनं न करता गट केला. आणि शास्त्र जाणणाऱ्या संस्थेशी बरोबरीच्या नात्यानं काम केलं. हिरड्याला, मोहाला, करवंदाला नेमकं हेच हवंय.

आपण काय करायचं?

तुम्ही म्हणाल, आम्ही शहरातल्या बायका यात काय करणार? एक म्हणजे विचारायचं. हिरडा कुठला, नाचणी कुठली, कुणी वाळवली. दहा गिऱ्हाईकांनी विचारलं की दुकानदार पाटी लावतो. दुसरं, प्रदर्शनातल्या ताईंशी घासाघीस करताना जरा जीभ आवरायची. मॉलमध्ये आपण पाकिटावरची किंमत निमूट देतो आणि बचत गटाच्या लाडवाला मात्र “एवढे कसे?” म्हणतो. तिसरं, पाकिटावर नंबर, तारीख, वजन आहे का ते बघायचं. नसेल तर टाळून पुढे जाण्यापेक्षा त्यांना सांगायचं. आणि ‘सगळे आजार बरे’ असं लिहिलं असेल, तर ते विकणारी कंपनी असो की गट, घ्यायचं नाही. आपल्यात कितीतरी जणी बँकेत होत्या, शाळेत होत्या, कुणी अन्नशास्त्र शिकवलंय, कुणाला हिशेब येतो. निवृत्तीनंतर महिन्यातले दोन दिवस एखाद्या गटाचं लेबल, अर्ज, जमाखर्च बघून दिला तर? अनुदानाइतकंच ते महत्त्वाचं आहे.

वहिनींच्या घरी काल गेले होते. डॉक्टरांनी गुटी द्यायची नाही असं सांगितलंय, तेव्हा हिरड्याची पुडी तशीच फळीवर होती. चिलगोजे मात्र दोन दिवसांत संपले. वहिनींनी पुडी सोडली, एक काळा हिरडा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, “अगं, यावर बी धरलेलंच नाही. हा तर कच्चाच तोडलेला.”

आयुर्वेदानं हिरड्याला आईची उपमा दिलीय. झाडाखाली दिवसभर वाकून तो वेचणारीही कुणाची तरी आईच असते. तिच्या पोराच्या वह्या-पुस्तकांएवढा तरी हिशेब त्या कागदाच्या पुडीतून तिच्यापर्यंत पोहोचतो का, हे पुढच्या वेळी त्या दुकानात उभं राहून मी विचारणार आहे. तुम्हीही विचारा.